फिरवायचा राहिलेला फर्मा

हत्यारांची नावं सांगायला या, असा सरकारी खात्यातल्या मॅडमचा फोन आला होता, म्हणून धाकटा जेवण उरकून भर दुपारी दुकानाशी गेला. त्याच्याच दुकानाशी. आता दारावर पितळी पाटी होती आणि कुलूप सरकारचं होतं. हाताने बूट शिवणारं शहरातलं हे शेवटचं दुकान, म्हणून तो वारसा, आणि वारसा म्हणून ताब्यात. दादा, त्याचा थोरला भाऊ, सोमवारी वारला आणि गुरुवारी सील लागलं.

त्या गुरुवारी धाकट्याने मॅडमवर हातोडी उगारली होती. पोलिसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि एक काम राहून गेलं.

दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाचा लाकडी फर्मा भिंतीवर टांगलेला असे, बोटं खोलीकडे करून. गिऱ्हाईक वारलं की फर्म्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचं, ही आजोबांपासूनची रीत. "नाहीतर येत राहतो तो, बूट झाले का विचारायला," असं म्हणून दादा हसायचा. दादाचा स्वतःचा फर्मा मात्र कुणी फिरवला नव्हता. आज तेवढं करायचं, बाकी दुकान गेलं चुलीत, असं ठरवूनच धाकटा आला होता.

"मागच्या वेळेसारखं काही करणार नाही ना?" मॅडमनी कुलूप काढताना विचारलं.

"नाही."

"हातात काही आणलंय?"

"हातच आणलेत."

मॅडम हसल्या नाहीत, पण दार त्यांनी पुरं उघडलं.

पाच आठवडे बंद जागेला कुबट वास यायला हवा होता. इथे ताज्या मेणाचा वास होता. आपल्याला रडू येईल असं धाकट्याला वाटलं होतं, तेही आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं त्याचं आतलं सगळं झालं होतं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ही आरी, ही रापी, तो सांगत गेला आणि त्या लिहीत गेल्या.

"फर्मे चारशे बारा. बरोबर?"

"बरोबर. चारशे बारावा माझा."

मग मॅडम बाकाशी थांबल्या. "हे मात्र तुम्हाला विचारायचंच होतं."

बाकावर धाकट्याचे बूट होते. त्या सोमवारी दादा तेच शिवत बसला होता. डावा पुरा झालेला, उजव्याच्या तळाला सात टाके. मॅडमनी सील लावतानाचा फोटो पुढे धरला. फोटोत सातच होते. बुटावर एकतीस.

"किल्ली फक्त माझ्याकडे असते. तुम्ही मागच्या खिडकीतून येता का? खरं सांगा, तक्रार नाही करणार."

धाकट्याने बूट उचलला. टाके उलट्या बाजूला कललेले होते. दादा डावखुरा होता.

"मला शिवता येत नाही, मॅडम. दादा शिकवायला बसला की मी पळायचो. 'डोकं नाही तर नाही, पाय तरी नीट चालू देत तुझे,' म्हणायचा."

"मग हे कोणी..."

त्याने दोरा ओढून पाहिला. मेण बोटाला चिकटलं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पाठमोऱ्या होऊन त्या बाकासमोर जमिनीवर टाकलेल्या फळीवर उभ्या राहून बोलू लागल्या. माप द्यायला गिऱ्हाइकं तिथेच उभी राहायची. त्यांना बोलण्यात गुंतवून दादा खाली वाकायचा आणि खडूने पाऊल काढून घ्यायचा.

धाकटा भिंतीकडे वळला. दादाच्या फर्म्यावर त्याने हात ठेवला. मनगट वळवायचं, एवढंच काम. पण उजव्या बुटाचे नऊ-दहा टाके बाकी होते. फिरवला की दादा जाणार... कायमचा.

'माझे बूट पुरे होऊ देत,' तो मनात म्हणाला. 'मग फिरवीन.'

हात खाली आला. मागे कुठेतरी खर्र... खर्र... असं काही घासलं. उंदीर असेल. त्याने वळून पाहिलं नाही.

बाहेर येऊन मॅडमनी कुलूप घातलं, सील लावलं आणि मग त्या वाकल्या. "अगं बाई, हे काय लागलं?"

दोन्ही चपलांच्या कडेने पांढरी रेघ होती, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. त्या रुमालाने पुसू लागल्या.

"फोनवर होतात तेव्हा... पायाला काही जाणवलं?"

"गार लागलं जरा. का हो?"

धाकट्याने दाराच्या काचेला कपाळ टेकवलं. फळीवर दोन अरुंद पावलं काढलेली होती.

"मॅडम, पुन्हा उघडा. एक मिनिट. एक फर्मा फिरवायचाय."

"आता सील लागलं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी." रुमाल झटकत त्या पायऱ्या उतरल्या.

महिन्यापूर्वीचा धाकटा असता तर काच फोडून आत शिरला असता. हा नुसता उभा राहिला. पावलांच्या शेजारी दादाच्या डाव्या हाताचा तिरपा आकडा होता. चारशे तेरा.