तिसऱ्या पायरीवरचं पाऊल

आचल प्रिंटआउट द्यायला खिडकीपाशी गेली आणि तिथल्या पोराच्या पडद्यावर तिला स्वतःचीच वाक्यं दिसली.

‘मार्कंड्याच्या घाटावर, वरून तिसऱ्या पायरीवर, संध्याकाळी एक ओलं पाऊल उमटतं. डावं. उजवं कधीच नाही.’

खाली नाव मात्र होतं — वनकन्या.

दोन हजार आठची थंडी. वीज केंद्राच्या वसाहतीच्या, ऊर्जानगरच्या गेटबाहेर इंदुताईंचं नेट कॅफे होतं. आचल तिथे दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायची आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा ब्लॉग लिहायची. नदीकाठच्या भुताखेतांच्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीखाली ती लिहायची, ‘परवानगीशिवाय कॉपी करू नये.’ या वनकन्येनं ती ओळसुद्धा जशीच्या तशी उचलली होती! आचलनं तिला दोनदा मेल केला, पण उत्तर नाही. चोराच्या उलट्या बोंबा निदान ऐकू तरी येतात. इथे सगळी सामसूम.

“काय पाहून राह्यल्या?” त्या पोरानं विचारलं. डोळे मोठे मिश्कील होते मेल्याचे.

“हे माहं आहे.”

“कॉम्प्युटर?”

“लिहलेलं!”

तो हसला. नाव भूपेश; वीज केंद्रात राखेचे नमुने तपासायचा. वनकन्येला त्यानं तिच्या ब्लॉगवरून आजवर चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. “अन् तिनं मले उत्तरं देल्ली आहेत, बाई. तारीख पाहा, तिची तुमच्या आधीची आहे.”

“तारीख मागची टाकता येते जी.”

“मंग पुरावा?”

ज्याला आपले शब्द इतके आवडले, तो दुसरीच्याच नावानं झुरतोय — हे आचलला चोरीपेक्षाही जास्त लागलं.

“पुरावा आहे,” ती म्हणाली. “माही आजी मासोळ्यांचं जाळं विणते. दर जाळ्यात एक गाठ मुद्दाम चुकवते. कोणती ते फक्त तिले माहीत. जाळं चोरीले गेलं का काठावर जाते, त्या गाठीवर बोट ठेवते अन् म्हणते, हे माहं. तशी म्याबी एक खोटी गाठ मारली. ते पाऊल... ते आहेच नाई. इथीच, या खुर्चीत बसून बनवलं. आमच्या गावात, मार्कंड्याले, कोणालेबी विचारा.”

भूपेशनं खिशातून किल्ली काढली. मग म्हणाला, “रविवारी मोटरसायकल रिकामी आहे.”

रविवारी मूल गावाच्या पुढे सागाची पानं रस्त्यावर पडली होती आणि चाकाखाली करकरत होती. वाटेत तो विचारत गेला, ती सांगत गेली. तिसऱ्या गोष्टीपर्यंत ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. ती बोलायची थांबली की तो गाडी हळू करायचा. “मंग? पुढं काय झालं?”... मागे बसून आचल गालातल्या गालात हसत होती.

मार्कंड्याला पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता. देवळात घंटा वाजत नव्हती, घाटावर माणूस नव्हता. वैनगंगा पार खाली गेलेली. पायऱ्या कोरड्या ठणठणीत, वर धूळ.

“पाह्य,” आचल ऐटीत म्हणाली. “एक... दोन...”

तिसरं तिच्या तोंडातून निघालंच नाही.

पायरीवर ओलं पाऊल होतं. डावं. खालच्या धुळीत कसलीच खूण नाही, वरही नाही. टाचेच्या जागी अजून पाणी हलत होतं.

भूपेशनं वाकून बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “थंडगार आहे व...”

“म्या बनवलं होतं,” आचल पुटपुटली. “देवाशप्पथ, भूपेश, म्या बनवलं होतं...” मग त्याहून वाईट एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पाऊल खरं असेल तर ते कुणीही पाहून लिहिलं असेल. वनकन्येनंसुद्धा. आचलची गाठ सुटली होती. तिला रडूच फुटलं. “आता तू काऊन भरोसा ठेवशीन?”

“ठेवला.”

“पुरावा गेला ना!”

“जाऊ दे.” त्यानं तिचा हात धरला. “चाळीस चिठ्ठ्यात म्या तिले एकच विचारलं, तुमाले भेव नाई वाटत का? तिनं दरखेपी लिहलं, धन्यवाद, स्नेह असावा. अन् तू... तू आपल्याच गोष्टीले भेऊन राह्यली. चोर कायले भेईन?”

अशा वेळी खरं तर लाजायचं असतं. पण त्या पायरीपाशी लाजायला थांबणार कोण? हात न सोडता दोघं धावत आजीच्या घरी गेले.

आजी, देवकाबाई, विणतच बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बोटं कोनीकडं होती, पाण्याकडं का वरतं?”

“वरतं.”

“मंग ते तुमच्यासाठी नोय. चाल्लं ते. चोरलेल्या जाळ्यामागं पाणीबी जाते, पोरी.”

पाचव्या दिवशी भूपेश कामावरून थेट कॅफेत आला. दोघांनी वनकन्येचं पान उघडलं. सगळ्या गोष्टी गायब होत्या. उरल्या होत्या चारच ओळी:

‘मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार दिवस झाले, दारात रोज ओलं पाऊल असतं. डावं. ही गोष्ट ज्यांची असेल, त्यांनी कृपया परत घ्यावी.’

“राहतो?” भूपेशचा चेहरा पडला. “बाप्या आहे हा! अन् म्या चाळीस...”

आचल हसता हसता लाल झाली. मग तिनं कीबोर्ड ओढला आणि त्या ओळींखाली लिहिलं, ‘माझी आहे. परत घेतली.’ आणि पुढे आपलं पूर्ण नाव.

“त्या चिठ्ठ्या तुह्याच होत्या,” तो हळूच म्हणाला. “पत्ता चुकला होता फक्त.”

“मंग पुन्हा लिही... पहिलीपासून.” तिनं वर पाहिलं नाही. “मी भेते का म्हणून विचार. खरं उत्तर देईन.”

तेवढ्यात दारातून इंदुताईंचा आवाज आला. “ओल्या पायानं कोण आलं व आत्ता? सकाळीच पुसली पायरी!”

दोघं उठून दारापाशी गेले. कोरड्या पायरीवर एकच पाऊल होतं. डावं. बोटं आतल्या बाजूला.

भूपेशनं तिचा हात घट्ट धरला. इंदुताई फडकं घेऊन वाकल्या, तशी आचल म्हणाली,

“राहू द्या, ताई. पुसू नका. माहं आहे ते.”