दुसऱ्या खाटेवरचं नाव

"एका बाईला दोन खाटा लागतात कशाला, एवढंच मला कोणीतरी समजावून सांगा," इव्हॉन म्हणाली. भाजलेल्या मटणावर ग्रेव्ही ओतता ओतता तिचा हात असा काही हलला, की नोरीनच्या आईच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक तपकिरी डाग पसरत गेला.

रविवारचं दुपारचं जेवण होतं. टेबलाशी तिघंच... सदुसष्ट वर्षांची नोरीन प्रॅग्नेल, तिचा धाकटा भाऊ डेस्मंड आणि त्याची बायको इव्हॉन. खिडकीबाहेर वेस्टनचा किनारा होता, आणि साउथॅम्प्टनच्या बंदरातून सुटलेलं एक जहाज संथपणे समुद्राकडे निघालं होतं. या घरात आता जहाजाकडे कोणी मान वळवून बघत नसे. नोरीन मात्र अजून बघायची.

भांडण केबिनवरून होतं. पुढच्या जानेवारीत सुटणाऱ्या जगप्रदक्षिणेच्या जहाजावर इव्हॉनला लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस करायचा होता. नोरीनने दोघांना वर्षभर आधी बजावलं होतं, की नोंदणी उघडेल त्या सकाळी नऊच्या ठोक्याला फोनवर बसा. छत्तीस वर्षं तिने प्रवास कचेरीत हेच काम केलेलं. जहाजात माणसं दोन हजार मावतात, पण एकट्या माणसासाठी केबिनी जेमतेम पंधरा, आणि त्या चहाचं पाणी उकळेपर्यंत संपतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण डेस्मंड हसून म्हणाला होता, "केबिनी काय पाय फुटून पळतायत?" पायच फुटले म्हणायचे. दुपारपर्यंत सगळं जहाज भरलं. त्या पंधरापैकी एकही नोरीनलाही मिळाली नाही; तिने मग दोन खाटांची केबिन घेतली, आणि एकटीने दोघांचं भाडं भरलं.

"तसं नव्हे गं, नोर," डेस्मंड ताटात बघत म्हणाला. "तू पुढच्या वर्षी जा ना. तुला काय, तुझं सगळं पाठ आहे. आमचं एकदाच व्हायचं..."

आयुष्यभर या घरात असं कोणी म्हटलं, की नोरीनचं उत्तर ठरलेलं असे. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती, डेस्मंड दहाचा, आणि धाकटी बहीण लिनेट सहाची. शाळा सोडली ती तिने. पुढे दोनदा तिने अशीच जहाजाची केबिन धरली होती आणि दोनदा सोडली होती. एकदा इव्हॉनची जुळी दिवस भरायच्या आधीच जन्मली म्हणून, आणि एकदा वडील अंथरुणाला खिळले म्हणून. ते नऊ वर्षं खिळूनच होते. त्यामुळे आता ती काय म्हणणार, हे दोघांनी गृहीतच धरलं होतं.

"नाही," नोरीन म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि उठून मीठ आणून डागावर टाकलं. इव्हॉनचा काटा हवेतच राहिला. तिच्या पस्तीस वर्षांच्या संसारात नणंदेच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला होता.

सोमवारी नोरीन बाजारात गेली, आणि मागे नवराबायकोने एक शहाणपणा केला. स्वयंपाकघरातल्या संगणकावर नोरीनची नोंदणी उघडीच असे. परवलीचा शब्द चहाच्या डब्याच्या झाकणात चिकटवलेला होता. दोघांचं ठरलं, की आधी करून टाकू, मग ती हो म्हणेलच. ती काय, नेहमीच म्हणते. डेस्मंडने पहिल्या पानावरचं नोरीनचं नाव काढलं. त्या जागी आपलं घालायचं, की झालं... शाळेच्या सहलीच्या यादीत नाव खोडून नाव घालतात तसं.

नोरीन भाजीची पिशवी घेऊन आत आली, तेव्हा दोघं पडद्यापुढे पांढरेफटक पडून बसले होते.

"नोर, हे काहीतरी अडकलंय," डेस्मंड म्हणाला. "केबिनच दिसत नाहीये."

नोरीनने चष्मा लावला, बघितलं, आणि पिशवी जमिनीवर ठेवली. ज्याच्या नावावर केबिन आहे, तो गेला की केबिन जाते. दुसरं नाव बदलता येतं, पहिलं नाही. हे ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायची. प्रतीक्षा यादीत तीनशेच्या वर नावं होती. तिची केबिन त्यातल्या कोणाच्या तरी घरी पोचलीसुद्धा होती, आणि तिथे बहुधा कोणीतरी आनंदाने रडत असेल.

छपाईयंत्रातून कागद बाहेर आला. डेस्मंडने तो उचलून मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. "रद्द... प्रवासी पहिला, नोरीन मे प्रॅग्नेल. रद्द... प्रवासी दुसरा, लिनेट रोझ प्रॅग्नेल-हार्टनोल. फ्रीमँटलपासून... साउथॅम्प्टनपर्यंत."

ती दुसरी खाट रिकामी नव्हती!

"लिनीला विचारलं होतंस?" डेस्मंडने कसंबसं म्हटलं.

"विचारणार कशी? माझी पत्रं ती न फोडता परत पाठवते." नोरीन बटाटे सोलायला बसली होती, हाताला काम नसलं, की तिला बोलता येत नसे. "म्हटलं, नाव तर घालून ठेवू. धक्क्यावर उतरेन, तिच्या दारात जाईन, म्हणेन, लिनी, घरी चल. नाही म्हणाली तर येईन एकटी. पण हो म्हणाली, तर बिछाना तयार असावा ना..."

एकोणतीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. लिनेट लग्न करून ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटल बंदराच्या गावी गेली, पहिलं बाळंतपण अवघड निघालं, आणि तिने लिहिलं, नोर, तू ये, मला आई नाही, तूच आई. नोरीनने येते म्हणून कळवलं. विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. अर्धं फुप्फुस काढलं. डॉक्टरांनी सांगितलं, विमान आता जन्मात नाही. तिकडे लिनेटला बिछान्यातून उठायची मनाई, तिला हे कळलं तर काय होईल, या धास्तीने नोरीनने फक्त एवढंच लिहिलं, की यायला जमत नाही. परक्या देशात, परक्या माणसांत लिनेट बाळंत झाली. नंतर तिचं एका ओळीचं पत्र आलं: तुला यायचंच नव्हतं. पुन्हा लिहू नकोस.

"आणि तिला अजून ठाऊक नाही?" इव्हॉन म्हणाली. ऑपरेशन तिला ठाऊक होतं, पण ते लिनेटपासून लपवलंय हे नव्हतं. "डेस्मंड, तू दर नाताळला तिला कार्ड टाकतोस की!"

डेस्मंडने मान खाली घातली. नोरीनने दवाखान्याच्या खाटेवरून त्याला शपथ घातली होती, लिनीला सांगू नकोस. ती शपथ बाळंतपणापुरती होती, हे त्यालाही कळत होतं... पण पुढे सांगायचं राहूनच गेलं; आज सांगू, उद्या सांगू. केबिनीसारखंच. त्याने चेहरा हातांत झाकला आणि तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

"पूस डोळे, डेझ," नोरीन म्हणाली. "माझ्या नशिबात जहाज फक्त खिडकीतून बघायचं आहे, त्याला तू काय करशील? बटाटे किती घालू, चार की पाच?"

पण यावेळी त्याने ते तसं राहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो टेलिफोनपाशी बसला. ज्या माणसाने जन्मात कधी बसची वाट पाहिली नाही, तो कानाला फोन लावून तेच ते संगीत तासन्‌तास ऐकत राहिला. रोज एकच उत्तर: जागा नाही, यादीत नाव घालू का? तिसऱ्या आठवड्यात तो नोरीनच्या जुन्या कचेरीत गेला. तिच्या हाताखाली तयार झालेली कर्स्टी आता तिथली प्रमुख होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मिस्टर प्रॅग्नेल, तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी दार दाखवलं असतं. पण नोरीनसाठी सांगते. अख्खी फेरी मागू नका. तुकडे मागा."

जहाज जगभर फिरतं, पण सगळी माणसं जगभर फिरत नाहीत. कोणी सान फ्रान्सिस्कोला उतरतं, कोणी सिडनीला चढतं. एक केबिन दहा दिवस मोकळी, दुसरी पंधरा. असे तुकडे जोडत गेलं, तर माणूस खोल्या बदलत बदलत पोचतो. पण मध्ये एक रात्र जरी सुटली, तर सगळं फुकट. भर समुद्रात खाली उतरून थांबता थोडंच येतं?

मग इव्हॉनने विणकामाच्या नमुन्याचा चौकटीचा कागद काढला. एक चौकट म्हणजे एक दिवस. साउथॅम्प्टन ते फ्रीमँटल, अठ्ठावन्न चौकटी; परतीचं नंतर बघू, असं ठरलं. तुकडा मिळाला, की ती तो लोकरीच्या रंगाने भरायची. जूनमध्ये पहिल्या सव्वीस चौकटी निळ्या झाल्या, चौथ्या मजल्यावरची, खिडकी नसलेली केबिन. ऑगस्टमध्ये शेवटच्या एकवीस हिरव्या झाल्या. मध्ये राहिलं अकरा दिवसांचं भोक, सान फ्रान्सिस्कोच्या पलीकडे, पार अथांग समुद्रात.

"सोडा आता," नोरीन म्हणायची. "आणि तुकडेसुद्धा दोन खाटांचेच का घेताय? पुन्हा तो भुर्दंड. मला एक खाट पुरे."

"एकीच्या मिळतच नाहीत," डेस्मंड दुसरीकडे बघत म्हणायचा. "तूच तर शिकवलंस."

"आणि तुमचा लग्नाचा वाढदिवस?"

"आपण आइल ऑफ वाइटला जाऊन येऊ," इव्हॉन म्हणाली. "फेरीबोटीला केबिन लागत नाही. तू गप बस, मला मोजू दे." तिने ते असं काही दरडावून म्हटलं, की नोरीनला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले.

ऑक्टोबरात उरलेले पैसे भरायचा अखेरचा दिवस होता. त्या दिवशी नेहमी काही माणसं गळतात. कोणाचं दुखणं निघतं, कोणाचा धीर सुटतो. डेस्मंड भल्या सकाळपासून कचेरीत कर्स्टीच्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसला. दुपारी चारला घरी फोन वाजला. इव्हॉनने तो उचलला, ऐकला, खाली ठेवला, आणि लाल पेन्सिल घेऊन अकरा चौकटी एकेक करून भरल्या.

"नोरीन," ती म्हणाली, "भोक बुजलं."

नोरीनने तो कागद हातात घेतला. निळं, लाल, हिरवं... कुठे एक पांढरी चौकट नाही. मग ती आपल्या भावजयीच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

जानेवारीतल्या त्या दिवशी हवा कोरडी आणि थंड होती. डेस्मंडने तिला धक्क्यावर सोडलं आणि आत न येता घाईघाईने मोटार वळवली. "आम्ही किनाऱ्यावरूनच बघू," म्हणाला. नोरीनला जरा लागलं ते. दुसऱ्या माणसांना निरोप द्यायला केवढी मंडळी आली होती. पण तिने मनाला समजावलं. एवढं केलं पोराने, आता त्याला निरोपाचं दडपण नको.

चौथ्या मजल्यावरच्या अरुंद बोळात एका सेवकाने तिला वाट दाखवली. "तुमच्या दोघींचं सामान आत लावलंय, मॅडम."

"दोघींचं नाही हो. मी एकटीच आहे," नोरीन म्हणाली आणि दार ढकललं.

खिडकी नसलेली चिमुकली केबिन. दोन खाटा. आणि पलीकडच्या खाटेवर, बूट काढून, पाय वर घेऊन, एक पिकल्या केसांची बाई बसलेली. नोरीनला आधी वाटलं, खोली चुकली. मग त्या बाईने डाव्या पायाचा अंगठा उजव्या पायावर घासला... सहा वर्षांची असताना घाबरली की घासायची तसा.

"लिनी..."

"डेझने फोन केला," लिनेट म्हणाली. "मार्चमध्ये. सगळं सांगितलं. मी दोन दिवस जेवले नाही, नोर. अर्धं फुप्फुस गेलं तुझं, आणि मी तुझी पत्रं परत..." तिने डोळे पुसले. "विमान पकडून तेव्हाच येणार होते. पण तो म्हणाला, थांब. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या केबिनी धरत आलीये, आता एकदा तिची केबिन तिला मिळू दे. दुसऱ्या खाटेवर नाव तुझंच घालतो."

"मी तुला आणायला निघाले होते गं," नोरीन म्हणाली. दाराची चौकट तिने घट्ट धरून ठेवली होती.

"मग मी तुला न्यायला आले, काय बिघडलं? वाटेत दोनदा खोली बदलायची आहे म्हणे. तुला एकटीला बॅगा उचलवतील का?" लिनेट उठली आणि मोजे घातलेल्या पायांनीच तिच्याकडे आली. "तिकडे फ्रीमँटलला माझी एमी दारात वाट बघतेय. एकोणतीस वर्षांची झाली. विचारते, मावशी पोचायला एवढी वर्षं का लागली? मी तिला सांगितलं, चूक माझी होती."

नोरीनने बहिणीला जवळ घेतलं, आणि आई गेल्यावर रोज संध्याकाळी कुरवाळायची तसे तिचे केस कुरवाळत राहिली. भोंगा वाजला, जहाज हललं, तरी कितीतरी वेळ दोघी त्या दारातच उभ्या होत्या.

मग लिनेटच एकदम म्हणाली, "नोर, वेस्टन!" आणि दोघी धावल्या, एकीच्या पायांत बूट नाहीत, दुसरीचं अर्धं फुप्फुस गेलेलं.

वरच्या सज्जात पोचल्या, तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. किनाऱ्यावर आपलं घर दिसत होतं, आणि घरापुढे दोन माणसं एक मोठं पांढरं कापड दोन टोकांना धरून उंच हलवत होती. लहानपणी जहाज गेलं, की नोरीन आणि लिनी आईचा टेबलक्लॉथ घेऊन त्याच जागी उभ्या राहत आणि ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांना निरोप देत. आज पहिल्यांदाच तो टेबलक्लॉथ त्यांच्यासाठी हलत होता.

"आईचाच ना तो?" लिनेटने डोळे बारीक करून विचारलं.

"आईचाच," नोरीन म्हणाली. "त्यावर ग्रेव्हीचा एक डाग आहे. इव्हॉनने पाडलाय. मीठ टाकलं, लिंबू चोळलं, पण निघाला नाही."

"मग?"

"मग काय, राहू दे," नोरीन म्हणाली आणि दोन्ही हात वर करून घराला निरोप देऊ लागली.