अजून हळू

शेजाऱ्यांना त्रास न होता गिटारच्या व्हॉल्व्हवाल्या अ‍ॅम्पचा भरदार सूर हवाय, एवढंच ना तुमचं म्हणणं? करता येतं ते. पण मी हे काम घेत नाही, दुसरीकडे न्या. का, असं विचारताय म्हणून सांगतो. बसा.

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गिटार वाजवायचे. अ‍ॅम्प तुमचा आहे तसाच, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. या जातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पुरता जोर लागला की सूर जाड होतो, कडेला किंचित चिरतो, जिवंत माणसाच्या घशासारखा. आवाजाचं बटण खाली आणलं की तोच सूर मढ्यासारखा थंड.

ताईला मेंदूचा आजार झाला. चमचा पडला तरी ती डोकं धरून कण्हायची. पुढे तिची वाचाच गेली. एके दिवशी भावजी माझ्या दुकानात आले.

"बोलणं जायच्या आधी तिनं एकच मागितलं होतं," ते म्हणाले. "एकदा वाजवा म्हणाली. काल आवाज बारीक करून वाजवलं, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला तो आपला सूर हवाय रे. ही कुरकुर नकोय."

मी एक पेटी जोडून दिली. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये ती बसते. अ‍ॅम्पनं लावलेला जोर गिळते, त्याची उष्णता करून टाकते आणि स्पीकरला चिमूटभरच सोडते. सूर तोच, फक्त लांबून आल्यासारखा.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ताई आतल्या खोलीत, उशाशी नर्सबाई. दार लोटलेलं. बाहेर औषधांचा वास, त्यात तापलेल्या व्हॉल्व्हवरच्या धुळीचा करपट वास मिसळलेला. भावजींनी तार छेडली. सूर भरून आला, अगदी हलका, तरी पूर्ण. त्यांचे डोळे भरले.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"हळू…"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ताईचाच आवाज! किती महिन्यांनी! मी पेटीचं बटण खाली घेतलं.

"अजून हळू…"

आणखी खाली. आता स्पीकरपेक्षा तारेवरच्या नखाचाच आवाज जास्त होता. भावजी हसत होते, रडत होते, वाजवत होते.

"अजून…"

मी बटण पार शून्यावर आणलं. स्पीकर मुका झाला. भावजींची बोटं मात्र तारांना जेमतेम शिवत फिरतच होती.

दार उघडून नर्सबाई आल्या. "आता थांबवा," त्या म्हणाल्या. "बाई गेल्या."

"अहो, आत्ताच तर बोलली ती!" भावजी ओरडले.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यांनी पहिली तार छेडली ना, तेव्हाच त्यांचा श्वास थांबला. वाजवणं तोडायचा मला धीर होईना. आणि बोलल्या म्हणाल तर… एक शब्दही नाही. मी हात धरूनच बसले होते."

काही आठवड्यांनी भावजींना पाहायला गेलो. त्यांनी दार उघडलं ते बोट ओठांवर ठेवून. कडीला फडकं गुंडाळलेलं, घड्याळ बंद, फ्रीजची वायर उपसलेली. गिटारच्या तारा काढून ठेवलेल्या. सगळ्या घरात शिळी, कोंदट हवा.

"भावजी, हे काय चालवलंय? चला, आमच्याकडे राहा थोडे दिवस."

ते माझ्या कानाशी आले. "ऐकतेय ती. आता कुठे तिला जरा बरं वाटतंय. फक्त… तुझा श्वास. जरा दाबून घे. तिला लागतो."

मी हात धरून त्यांना ओढणार, तेवढ्यात लोटलेल्या दारामागून, अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"अजून हळू…"

भावजींनी समजूतदारपणे मान हलवली आणि छातीवर हात दाबून धरला. मी पळालो. जिना कसा उतरलो, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन परत गेलो. भावजी आतल्या खोलीत, रिकाम्या खाटेशी बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण गाल फुगलेले होते आणि ओठ घट्ट मिटलेले, पाण्यात बुडी मारलेल्या पोरासारखे.

तेव्हापासून झोपेत माझा श्वास अडकतो. बायको गदागदा हलवते, "अहो, श्वास घ्या… घ्या ना!" म्हणते. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघत नाही. तिच्या जिवावरच जगतोय म्हणा ना. झोपेला मी आता मरणासारखा भितो.

काल मात्र तिनं हलवलं नाही. पहाटे मीच घुसमटून उठलो, तर ती शेजारी जागी बसलेली, माझ्याकडे बघत.

"उठवलं का नाहीस गं?"

"उठवणारच होते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक, की मला वाकावं लागलं. "पण ताई म्हणाल्या, राहू दे… आता नीट ऐकू येतंय."