रुख्माबाईंच्या फोनमधली बाई

"आजही भलतीच बाई!" रुख्माबाईंनी कॉर्डलेस फोन खुर्चीवर टाकला आणि डोळ्यांना पदर लावला.

काजल दारातच थबकली. सुट्टीत नरखेडहून शहरातल्या सदर भागात मामाकडे येऊन तिला आठ दिवस झाले होते. मामा-मामी दिवसभर दुकानात, मामेभाऊ अंकुर सदान्‌कदा क्रिकेटमध्ये! आईशी बोलायचं तर मामाचा मोबाइल मागावा लागे आणि तिची जीभच रेटत नसे. फार एकटं वाटलं की ती खालच्या मजल्यावर रुख्माबाईंकडे येऊन बसे.

"काय झालं आजी?"

"माही धाकटी बहीण, कांता. खापा गावाले राहते. सांजच्याले ती मिस कॉल देते अन् मी एक नंबरचं बटण दाबून तिले लावते. पण तुह्या मामानं हा नवा फोन बसवला, तेव्हापासून कोणी बाईच बोलून राहिली. मी गुमान ठेवून देते. आता कांताचा मिस कॉलही बंद! तिले वाटत असन, मीच रुसली."

 काजलने गॅलरीत धाव घेतली.

"अंकुर! बॅट टाक अन् इकडे ये! काहीतरी गडबड आहे!"

अंकुर आला. दुकानातून परतलेले बळीराममामाही मागोमाग आले.

"गडबड कसली? नंबर मी स्वतः टाकलेत. माझ्या मोबाइलवरून लावून पाहिलं, खणखणीत वाजला!"

"ते बाहेरून आत, मामा. आतून बाहेर कोणी लावून पाहिलं?"

मामांनी खुर्चीवरचा फोन उचलून काजलकडे दिला.

काजलने स्पीकर चालू करून एकचं बटण दाबून धरलं. बाई बोलू लागली. या वेळी कोणी फोन ठेवला नाही. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावा, असं ती सांगत होती.

"अरे, ही तर रेकॉर्ड केलेली बाई!" अंकुर ओरडला. त्याने साठवलेला नंबर उघडला. नुसते दहा आकडे! पुढे शून्य लावून त्याने तो पुन्हा साठवला.

"आता दाबा आजी!"

पलीकडे रिंग गेली.

"रुख्माताई! काहून वं? किती वाट पाहून राहिली मी!"

रुख्माबाई रडत होत्या आणि बहिणीला रागावतही होत्या.

"शाबास पोरांनो! चूक माझीच," मामांनी कान पकडले.

बोलणं संपल्यावर रुख्माबाईंनी फोन काजलच्या हातात दिला. "लय गुणाची हायेस पोरी! दोनचं बटण रिकामंच हाय. तुह्या आईचा नंबर टाक."

काजलने आधी शून्य लावलं, मग आईचा नंबर साठवला. दोनचं बटण तिने दाबून धरलं.

"हॅलो, कोण?"

"आई, मी काजल," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "मला तुझी फार आठवण येते गं!"