चुंबक तापू नये म्हणून

चाचणीच्या हॉलच्या दारात एक उंच मुलगा माझी वाट अडवून उभा. आधी तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, मग इंग्रजीत, आणि बोट थेट माझ्या केसांकडे! चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातला माझा पहिलाच दिवस.

"मेला आगाऊच आहे," मी पुटपुटले.

"आगाऊ असूं दे. पण आंत एमआरआयचें चुंबक चालू आहे. केसांतली पिन उडून जाईल," तो शांतपणे मराठीत म्हणाला.

अगं आई गं! चेन्नईत मराठी, तेही असं पोथीतलं! विश्वेश राव, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. मी पिन काढली... केस सुटले, आणि स्वारी लगेच भिंतीकडे बघू लागली. इतका लाजरा आगाऊ मी पाहिला नव्हता.

पुण्याहून मला पाठवलं होतं ते या चुंबकासाठी. त्याची तार द्रव हेलियमात बुडवून भयंकर थंड ठेवली, की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. तारेची उष्णता हेलियम किती भराभर ओढून घेईल, याचं संगणकावरचं मॉडेल माझं, चाचणी विश्वेशची. मॉडेल म्हणे, सगळं ठीक. चुंबक मात्र ऐन वेळी तापे, आणि हेलियम उकळून छपरावरच्या नळीतून भस्सकन बाहेर!

"तुमचें मॉडेल फार आशावादी आहे, स्वरदा."

"आणि तुम्ही?"

"मी... कॉफी आणूं?"

चाचणी पास झाली की मी पुण्याला परत, हे ठरलेलं. तो विषय आम्ही दोघंही टाळायचो.

एका पावसाळी दुपारी आम्ही टपरीवर डोशाची वाट बघत होतो. डोसे घालणाऱ्या मास्टरने तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं. थेंब टेकेचनात, नुसते नाचू लागले. अगं बाई! थेंबाखाली वाफ, म्हणून तवा त्याला शिवतच नाही. माझ्या तारेचंही तेच! तिच्याभोवती वाफेचा पापुद्रा धरत होता, आणि मी बया, हेलियम तिला सदा भिडलेलंच धरून चालले होते.

मी विश्वेशला सांगितलं. त्याचे डोळे चमकले... आणि लगेच चेहरा पडला.

"म्हणजे आतां पास होईल," तो म्हणाला.

डोसा कुणालाच गेला नाही. गप्प बसले असते, तर आणखी काही महिने मिळाले असते हो. पण चूक दिसल्यावर झाकणं माझ्याच्यानं होत नाही. मॉडेल सुधारलं, वाफ सुटायला वेटोळ्यांमधल्या फटी रुंद करून घेतल्या.

पुन्हा चाचणी. विश्वेश करंट चढवत गेला... चढवतच गेला. चुंबक थंडगार! टाळ्या पडल्या, कारखान्याचे प्रमुख नारायणस्वामी साहेब मैसूरपाक वाटत सुटले. विश्वेशचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

"काय झालं हो? पास झालं ना?"

"झालें." तो खाली बघत म्हणाला, "करंट वाढवतांना मी देवास म्हणत होतों... हें फसूं दे."

"माझं मॉडेल? फसू दे?" मी कडाडले.

"फसलें तर तुम्ही राहाल. पण हातानें नीटच केलें. तुमचें काम होतें तें."

राग कुठल्या कुठे पळाला. मला हा माणूस हवा होता, बस्स!

"पुण्याला तर मी जाणारच," मी म्हटलं. "तिकिटं दोन काढा."

"दोन... कां?"

"माझ्या बाबांसमोर काय मी एकटीच बसू?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आणि ते नाहीं म्हणाले तर?"

"मग घाला की देवाला साकडं! फक्त या वेळी माझ्या बाजूनं."