पाण्यापासून दोन पायऱ्या वर

बालाजी घाटावर रोज पहाटे साडेपाचला दोन होड्यांच्या मधे दोर बांधायचा, त्या दोराच्या आत अकरा मुली सोडायच्या आणि त्यांना पोहायला शिकवायचं, हा ईशानीचा उद्योग गंगेला मान्य होता. गल्लीला नव्हता. त्या आषाढी सकाळी त्यात तिसरा पक्ष सामील झाला.

"अगं गीता, पैर मार ना. पाय काय नुसते ठेवायला दिलेत का?" ईशानी ओरडत होती, तेवढ्यात मागून खणखणीत मराठी ऐकू आली.

"पाटी वाचता येते ना?"

तिने वळून पाहिलं. वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात लाल पाटी रोवून एक तरुण उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात मात्र सरकारी बूट. रात्रीच्या वादळाने त्याचे केस एकाच बाजूला झोपवले होते.

"येते की. पोहायला मनाई आहे," ईशानी म्हणाली. "पण बुडायला मनाई कुठे लिहिलीय?"

तो खरोखर विचारात पडला. "त्याला... वेगळी पाटी लागेल."

त्याचं नाव प्रसन्न वेलणकर. मूळचा गुहागरचा, पूर मोजणाऱ्या खात्यात नुकताच लागलेला. समुद्राकाठी वाढल्यामुळे पाणी आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत होती.

"आमच्याकडे पाणी आत ओढायला लागलं, तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही," तो म्हणाला. "किनाऱ्याला धरून आडवं पोहायचं. ओढ संपली की लाटच परत आणून टाकते."

"आमची गंगा कोणाला परत आणत नाही."

"म्हणूनच पाटी."

"म्हणूनच क्लास," ईशानी म्हणाली आणि आपला ओला टॉवेल पाटीवर वाळत घातला.

तिचं म्हणणं साधं होतं. दर वर्षी पूर घरात येतो, दर वर्षी मुलगे गल्लीतून पोहत दूध आणतात, आणि मुली माडीवर बसून रामरक्षा म्हणतात. रामरक्षेला तिची हरकत नव्हती. तिच्या मते ती पोहतापोहताही म्हणता येते.

तिच्या वडिलांनी, नीलकंठशास्त्र्यांनी, क्लासला एका अटीवर परवानगी दिली होती. घाटावर एक जरी अपघात झाला तरी क्लास कायमचा बंद. कोणाचा अपघात, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. शास्त्राच्या माणसाकडून ही मोठीच चूक होती.

खात्याचा नियम असा, की पाटी पाण्यापासून दोन पायऱ्या वर हवी. गंगा रोज चढत होती. म्हणून प्रसन्न रोज यायचा, पाटी उचलायचा आणि वर आणायचा. त्याआधी पाटीवरचे बारा टॉवेल काढून प्रत्येकाची चौपदरी घडी घालायचा. ईशानीच्या टॉवेलाची घडी... जरा जास्तच काळजीपूर्वक.

"सरकारी काम आहे का हे?" तिने एकदा विचारलं.

"नियमात नाही. पण मनाईही नाही."

ती हसली नाही. दोराची गाठ मात्र उगाचच दोनदा सोडून बांधली.

घाटाच्या माथ्यावर ईशानीचं घर. पहिल्या दिवशी पाटी दारापासून एकतीस पायऱ्या खाली होती. मग चोवीस. मग एकोणीस. गल्ली पुराला घाबरली होती. ईशानी पायऱ्या मोजत होती आणि तिला भलतंच काही वाटत होतं, जे पूरग्रस्ताला शोभणारं नव्हतं.

पाटी सोळाव्या पायरीवर असताना, एका दुपारी, पलीकडच्या रेतीवरून काळी आंधी उठली. वीज अशी कडाडली की घाटावरच्या बकऱ्यांनी आपापले वाद मिटवले. वाऱ्याने पाटी उपटली. प्रसन्न सरकारी मालमत्तेमागे धावला, पाटी त्याने पकडली, आणि पाटीसकट तो गंगेत गेला.

ईशानी दारातून धावत खाली आली. प्रसन्न पाटी काखेत मारून, अगदी गुहागरच्या नियमाने, काठाला धरून आडवा पोहत होता. फक्त नदीत आडवं म्हणजे एकतर प्रवाहाबरोबर, नाहीतर प्रवाहाविरुद्ध. त्याने दुसरं निवडलं होतं.

प्रल्हाद नाववाल्याने डोळे बारीक केले. "दीदी, साहेब तो एक ही जगह तैर रहे हैं."

खरंच होतं. उत्तम हात, उत्तम पाय, आणि जागा तीच. चेहरा तेवढा पांढरा पडत चालला होता. ईशानी पाण्याच्या कडेपर्यंत उतरली.

"वाहा!" ती ओरडली. "झगडू नका, वाहत जा! गंगा परत आणत नाही, पुढच्या घाटावर देते!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एक क्षण... आणि जन्मभराचं समुद्राचं ज्ञान त्याने सोडून दिलं. गंगेने त्याला उचललं.

ईशानी प्रल्हादचा दोर घेऊन काठाने पळाली. पंचगंगा घाट मागे पडला. दुर्गा घाटावर तिने दोर खुंट्याला बांधला, दुसरं टोक कमरेला बांधलं आणि उडी मारली. मागून धावत आलेल्या प्रल्हादने दोघांना ओढलं तेव्हा प्रसन्नच्या एका हातात पाटी होती आणि दुसऱ्या हातात ईशानीचं मनगट.

पाटी त्याने आधी सोडली.

घरी नीलकंठशास्त्री दारातच उभे होते. दोघांच्या कपड्यांतून उंबऱ्यावर छोटीशी गंगा वाहत होती.

"अपघात झाला," ते म्हणाले.

"नाही शास्त्रीबुवा," प्रसन्न म्हणाला. "मी क्लासचा पहिला धडा घेत होतो."

"बुटांसकट?"

"घाई होती."

"पुरे," ईशानी म्हणाली. "खोट्यावर चालणारा क्लास मला नको. अण्णा, अपघातच झाला. पाण्याला पुरुष, साहेब, सरकार काही कळत नाही. हे बुडत होते, आणि मला पोहता येत होतं म्हणून इथे उभे आहेत. यावर क्लास बंद करायचा असेल, तर खुशाल करा. उद्या साडेपाचला मी दोर बांधणार आहे."

शास्त्र्यांनी खाली घाटाकडे पाहिलं. साठ वर्षं त्यांनी घाटावरची साखळी धरूनच स्नान केलं होतं.

"उद्या साडेपाचला?" ते म्हणाले. "मग साखळी सोडून पहिल्यांदा... पाय मारायचे की हात?"

पुढच्या आठवड्यात क्लासमधे तेरा जण होते. दोन पुरुषांपैकी शास्त्र्यांची प्रगती बरी होती.

पाणी चढतच राहिलं. नागपंचमीच्या आदल्या सकाळी ते उंबऱ्याला टेकलं. ईशानी घरातल्या जिन्यावर दुसऱ्या पायरीशी उभी होती. बाहेरून प्रसन्न नावेतून आला, पाटी मांडीवर घेऊन.

"नियमाप्रमाणे," तो घसा खाकरत म्हणाला, "पाटी आता तुमच्या घरात यायला हवी."

"मग आणा."

"पाटीबरोबर... कर्मचारीही येतो."

ईशानीने पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि पाणी उतरलं की?"

"पाटी खाली न्यायची, असं लिहिलंय." त्याचे कान पाटीच्या रंगाचे झाले. "कर्मचाऱ्याबद्दल नियमात काही नाही."

तिने खांद्यावरचा ओला टॉवेल काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घडी घाला," ती म्हणाली. "आणि बूट बाहेर काढून या. अण्णांना सांगायचंय."