पंचवीसशे एकवीस

दुपारच्या सामसुमीत ज्वारीच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण टिक् करून वाजलं.

चार वर्षांची राजी शेजारी झोपली होती. पोर झोपते तेवढाच वेळ शैलश्रीचा. मंठाळ गावातल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती गणिताच्या परीक्षेच्या तयारीची वही उघडून बसलेली. तिनं मान वर केली. डब्याखालून अळ्या निघाल्या होत्या, पिवळट, लिबलिबीत, तांदळाएवढ्या. फरशीवर दोन सरळ ओळी, अगदी बरोबरीच्या. आणि एक वेगळीच, राजीच्या दुधाच्या वाटीच्या काठावर.

सासूनं, अक्कम्मानं, सगळ्या सुपात भरून लिंबाखाली नेऊन टाकल्या. "जीव हाय. आपल्यात मारायचं न्हाई."

दुसऱ्या दुपारी तीन ओळी. मग चार, मग पाच. सगळ्या सारख्या, आणि उरलेली नेमकी एक. वाटी उकळत्या पाण्यानं धुऊन कपाटात ठेवली, तरी ती एक अळी आतच. आंबूस, कुबट वास फरशीला चिकटला होता. भाकरी थापताना शैलश्रीला हाताखालचं पीठ हलतंय असं वाटायचं.

नवव्या दुपारी दहा ओळी. नाकाला पदर लावून तिनं मोजल्या. ओळीत दोनशे बावन्न. पंचवीसशे वीस, वर एक.

पंचवीसशे वीसला एकपासून दहापर्यंत सगळे भागतात. त्याच्या पुढच्याला त्यातलं एकशिवाय कुणीच भागत नाही. दर वेळी एक उरतो. तिनं वहीत पुढंही भागून पाहिलं. मूळ संख्या. क्षणभर तिला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचीच किळस आली.

"डबाच नेऊन टाक उकिरड्यावर," अक्कम्मा म्हणाली.

"एक दिवस थांबा, अव्वा."

"कामून? किड्यांची बी परीक्षा घ्यायलीस व्हय?"

शैलश्रीनं वही पुढं ओढली. अळ्या रोज तेवढ्याच असतील, तर अकरानं भागलं की दोन उरतात. उद्या दोन उरतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

दहाव्या दुपारी अकरा ओळी होत्या.

ओळीत दोनशे एकोणतीस.

वाटीत एक.

दुसरी सापडेना. डबा हलवला, अंथरूण झटकलं, राजीच्या केसांतून बोटं फिरवली, कान पाहिले.

"मोजताना चुकलीस," अक्कम्मा म्हणाली.

शैलश्रीनं पुन्हा मोजलं. चुकलं नव्हतं.

राजी उठून बसली होती. दोन्ही तळवे पोटावर, जसं कुणी मांजराचं पिल्लू धरावं. ओठांच्या कोपऱ्यात पिवळट ओल.

"आई," ती हळूच म्हणाली, "हिला आत एकटीला करमंल का?"